आधी हत्यार, मग नांगर
लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्यातून आपण काय घ्यावे?



पेरणीच्या दिवसांत हट्ट्याला एका शेतकऱ्याच्या अंगणात मी उभा होतो. वापसा आलेला. सोयाबीनचे बी घरात तयार होते आणि पेरणीयंत्राच्या चाकाचे बेअरिंग मात्र गच्च बसलेले. हातोडी मारून मारून आसाचे टोक चेपले, पण बेअरिंग हलेना. मी काय सांगितलं असेल? वसमतला न्या, तिथे पुलर मिळेल. अर्धा दिवस जाण्यायेण्यात गेला असता, आणि आभाळ तर भरून आलेलं. शेजारच्या म्हाताऱ्या लोहारबाबांनी माझं ऐकलं आणि काही न बोलता कोपऱ्यातला भंगाराचा ढीग उपसला. दोन लोखंडी पट्ट्या, एक आडवी पट्टी, एक लांब बोल्ट आणि नट एवढं घेतलं. तासाभरात पुलर तयार. चार आटे फिरवले, बेअरिंग बाहेर. संध्याकाळपर्यंत पेरणी उरकली, रात्री पाऊस झाला.

कृषि पदविका माझ्याकडे आहे, पण त्या दिवशी शहाणपण लोहारबाबांकडे होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, अशी माझी गत झाली. घरी आल्यावर एका माणसाची आठवण आली. त्याच्या नावाचा नांगर आपल्या आजोबांनी हाकला आणि त्याच्या नावाचा पंप आजही अनेक विहिरींवर आहे. पण तो माणूस स्वतः कोण होता, कसा शिकला, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणून आज लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांची कहाणी सांगतो.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. घराणे शास्त्री-पंडितांचे, वडिलांचा ओढा वेदांताकडे. मुलाचे लक्ष मात्र पुस्तकात लागेना. त्याला दोनच गोष्टी आवडत, चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे. आपल्याकडे असं पोर असलं की आपण काय म्हणतो, वाया गेलं! पण थोरले बंधू रामूअण्णा त्याच्या पाठीशी उभे राहिले. 1885 साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले.

तिथे दैवाने पहिला दणका दिला. दोन वर्षांनी लक्षात आले की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक ओळखता येत नाही. चित्रकाराला रंगच कळेना म्हणजे शेतकऱ्याला बी कळेना असं झालं. दुसरा कोणी परत गावी गेला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण पेन्सिल सोडली नाही. यंत्रांची चित्रे काढायला रंग लागत नाहीत, माप लागते. ते यांत्रिक चित्रकला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तीच शिकवण्याच्या नोकरीला लागले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. नोकरी चित्रे शिकवण्याची होती, पण हे गृहस्थ मोकळ्या वेळात संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसत. कोणते यंत्र कसे चालते, कसे खोलतात, कसे जोडतात, हे त्यांनी हात काळे करून शिकून घेतले. ते शिकण्यासाठी कुणी पगार देत नव्हते की प्रमाणपत्र देत नव्हते. पुढचा सगळा डोलारा मात्र याच फुकटच्या शिक्षणावर उभा राहिला.

सायकलचे दुकान, हीच शाळा

त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकल चालवायला शिकले आणि त्यांच्या डोक्यात धंद्याचा विचार आला. 1888 साली बेळगावला किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा बेळगावात विकत. सायकली विकणे, शिकवणे आणि दुरुस्त करणे, असा तिहेरी उद्योग. त्या दुकानाच्या रस्त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांचा हक्क डावलून ती जागा दुसऱ्याला, एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. पगाराची भाकरी सुटली, हातात राहिले ते फक्त कसब.

आता तुम्ही म्हणाल, सायकल दुरुस्तीत असं काय मोठं शिकायचं? थोडं थांबून विचार करा. सायकलच्या एका चाकात काय काय आहे? आटे आहेत, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे का असतात हे कळले की यंत्रातले अर्धे शहाणपण कळते. छर्रे आहेत, म्हणजे बेअरिंग आलं. दातेचक्र आणि साखळी आहे, म्हणजे गती कमीजास्त करणं आलं. आऱ्यांचा ताण सारखा ठेवला तरच चाक सरळ फिरतं. आज तुमच्या कडबाकुट्टीत, मळणीयंत्रात आणि पेरणीयंत्रात याहून वेगळं काही नाही, फक्त आकार मोठा आहे. लक्ष्मणरावांची इंजिनिअरिंगची शाळा ती हीच. पदवी त्यांच्याजवळ नव्हती. अमेरिकेहून येणारी यंत्रविद्येची मासिके ते मन लावून वाचत आणि चित्रावरून वस्तू ओळखत. चित्रकलेचे शिक्षण असे कामाला आले.

कडबाकुट्टी आणि नांगर

सायकलीबरोबर त्यांनी पवनचक्क्याही विकल्या. पण दुसऱ्याचा माल विकण्यात त्यांचे मन रमेना. एक छोटा कारखाना काढून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनवले, आणि मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर हाती घेतला.

तेव्हा आपल्याकडे लाकडी नांगर होता. तो जमीन उकरतो, पण उलटत नाही. दोन तासांच्या मध्ये जमीन तशीच राहते, हरळी-कुंद्याच्या काशा शाबूत राहतात. लोखंडी नांगराचा पंखा ढेकूळ उचलून पालथे घालतो. तण गाडले जाते, खालचे कोष उन्हात येतात आणि पक्षी ते वेचतात. काळ्या भारी जमिनीत उन्हाळी नांगरटीचा फायदा काय, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

पण नांगर घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी लोकांची समजूत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे! भांडवल अडकलेले, कारागीर वाट पाहतायत, आणि दारात तयार नांगर पडून. आपण एक नवीन वाण पेरतो, पहिल्या वर्षी थोडा उतारा कमी आला की परत जुन्याकडे वळतो. त्या माणसाची चिकाटी याच्याशी ताडून बघा.

बरं, सगळी चूक शेतकऱ्याची होती असंही नाही. सुरुवातीच्या नांगराचा फाळ मऊ पडतो, लवकर झिजतो, अशी वापरणाऱ्यांची तक्रार होती. लक्ष्मणरावांनी ती तक्रार मनाला लावून घेतली नाही, कामाला लावली. शंभोअण्णा जांभेकर हा त्यांचा यंत्रातला उजवा हात. फारसे न शिकलेला, पण लोखंडाची नस ओळखणारा माणूस. फाळ कठीण व्हायला हवा आणि तरी तुटता कामा नये, यासाठी प्रयोगामागून प्रयोग झाले आणि नांगर सुधारत गेला. गिऱ्हाइकाचे गाऱ्हाणे हीच कारखान्याची पाठशाळा, हे त्यांनी कधी विसरले नाही.

निवडुंगाच्या माळावर

धंदा जरा मार्गी लागतो तोच दुसरा दणका बसला. बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. जड यंत्रे, भट्टी आणि माणसे घेऊन जायचे कुठे? त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. (हे औंध सातारा जिल्ह्यातले, आपले औंढा नागनाथ नव्हे.) राजेसाहेबांनी आधी औंधला देवळाच्या मंडपाचे काम दिले. मग कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची 32 एकर जमीन आणि बिनव्याजी कर्जही दिले. 1910 साली किर्लोस्कर मंडळी तिथे पोचली.

जमीन म्हणजे काय होती? नुसता माळ. निवडुंगाची बेटे, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची वानवा. आधी निवडुंग तोडा, मग झोपड्या बांधा, मग भट्टी पेटवा. रामूअण्णांनी वसाहतीचा कारभार अंगावर घेतला, शंभोअण्णांनी यंत्रे पाहिली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब सांभाळला. गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी रखवालीचे काम दिले, आणि त्यांनी तो विश्वास राखला. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. आज ती सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे, आणि कुंडल रोड स्टेशनचे नावही किर्लोस्करवाडी झाले.

तोफांचे नांगर झाले

1914 साली पहिले महायुद्ध पेटले. बाहेरून येणारे लोखंड अडले, कोळसा मिळेना, रंग मिळेना. ओतकाम करणाऱ्या कारखान्याचे लोखंड बंद होणे म्हणजे ऐन उन्हाळ्यात आपल्या विहिरीचे पाणी आटणे. कारखाना बंद ठेवून लढाई संपायची वाट पाहता आली असती. लक्ष्मणरावांनी तसे केले नाही. आपल्या मुलखात वापरात नसलेले लोखंड कुठे पडले आहे, याचा त्यांनी शोध घेतला. कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी संस्थानातल्या निकामी तोफा त्यांना दिल्या. त्या तोफा वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले.

लोहारबाबांनी भंगाराच्या ढिगात पुलर पाहिला आणि लक्ष्मणरावांनी तोफेत नांगर पाहिला. नजर एकच. वस्तूचे नाव विसरायचे आणि तिच्यात कोणता धातू आहे, कोणता आकार आहे, किती ताकद आहे, एवढेच बघायचे. विकत मिळेना म्हणून काम थांबत नाही, नजर नसली की थांबते.

युद्धानंतर 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे आणि 1926 पासून पाण्याचे पंप, असा पसारा वाढला. 1941 साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना निघाला, त्यात लेथ बनू लागले. हा टप्पा मला सगळ्यात मोठा वाटतो. लेथ म्हणजे यंत्र बनवणारे यंत्र. सायकलच्या पान्यापासून निघालेला माणूस, त्याचे घराणे आता दुसऱ्यांना हत्यारे पुरवू लागले. 1946 साली पुण्याला ऑइल इंजिनांचा कारखाना सुरू झाला. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत शिकून आले होते, त्यांनी तो कारभार पुढे नेला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. जन्मशताब्दीला, 1969 साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आपल्या अंगणातले वर्कशॉप

कहाणी ऐकून मान डोलावली आणि संपले, असे नको. आपल्या घरातल्या वस्तूंतून चार हत्यारे आपणही करू शकतो. करून पाहिलेली सांगतो.

पुलर : दोन मजबूत पट्ट्यांची टोके तापवून आत वाकवा, म्हणजे आकडे होतील. एका जाड आडव्या पट्टीला तीन भोके पाडा. कडेच्या भोकांत आकड्याच्या पट्ट्या बोल्टने अडकवा. मधल्या भोकातून लांब बोल्ट घाला. त्याचा नट आडव्या पट्टीच्या आतल्या, म्हणजे आसाकडच्या बाजूला हवा, आणि तो फिरू नये म्हणून वेल्डिंगचा टाका मारा. आकडे बेअरिंगच्या मागे अडकवा, बोल्टचे टोक आसावर टेकवा आणि बोल्ट फिरवा. बेअरिंग सरळ बाहेर येते, आस चेपत नाही.

लाकडी शिकंजा : दोन जाड फळ्या खालच्या टोकाला दाराच्या बिजागरीने जोडा. मधोमध आरपार भोक पाडून लांब बोल्ट घाला आणि नट आवळा. विळे-खुरप्यांना धार लावताना किंवा करवतीचे दाते घासताना पाते यात घट्ट बसते. हात कापण्याचे बहुतेक प्रकार वस्तू नीट धरलेली नसते म्हणून होतात.

पाणसळ नळी : दहा-पंधरा मीटर पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या, तिच्यात पाणी भरा. मधे बुडबुडा राहू देऊ नका. दोन्ही टोके वर उघडी ठेवली की दोन्हीकडच्या पाण्याची पातळी एकच असते. बांध टाकताना, हळदीच्या गादीवाफ्यांना ढाळ देताना किंवा पाट काढताना ही नळी महागड्या यंत्राइतकीच खरी बोलते.

छिन्नी : ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा लोहाराकडून ठोकून घ्या. टोक लालभडक करून तेलात बुडवले की ते काचेसारखे कडक होते, पण तसेच वापरले तर तुटते. म्हणून टोक घासून चकचकीत करा आणि मागच्या बाजूने हळूहळू तापवा. चकाकीवर आधी गवती पिवळा रंग येईल, मग जांभळा. जांभळा दिसला की पुन्हा तेलात बुडवा. फार मऊ तर झिजते, फार कडक तर तुटते. लक्ष्मणरावांच्या फाळाचे भांडण हेच होते.

आणि एक कळकळीची सूचना. जुन्या कानशीला तशीच धार लावून तिच्यावर हातोडी मारू नका. ती फार ठिसूळ असते, कपची उडून डोळा जातो. ठोकाठोक करताना डोळ्यांवर चष्मा हवाच. वाचलेले चार पैसे डोळ्यापेक्षा मोठे नाहीत.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना विनंती

गावात मोठमोठी अवजारे येतात, पण ती दुरुस्त करणारी हत्यारे गावात नसतात. ग्रामपंचायतीने एक लोखंडी पेटी करावी. तिच्यात पुलर, शिकंजा, पाणसळ नळी, छिन्नी, पाने, कानस आणि दोन चष्मे ठेवावेत. नेताना वहीत सही, आणताना सही. पेटी सांभाळायला गावातल्याच लोहार-सुताराला सांगावे, आणि शाळा सोडून मोटारसायकली खोलत बसणाऱ्या दोन-चार पोरांना त्यांच्या हाताखाली द्यावे. अशा पोरांना आपण वाया गेलेली म्हणतो. गुर्लहोसूरच्या त्या मुलाकडेही शाळेची पुस्तके सोडून यंत्रे न्याहाळत बसण्याचेच वेड होते. फरक एवढाच की त्याच्या पाठीशी एक रामूअण्णा होता.

तेव्हा येत्या रविवारी आपल्या घरातला भंगाराचा कोपरा उपसा. भंगारवाल्याच्या तागडीत टाकण्याआधी प्रत्येक वस्तू एकदा हातात घेऊन बघा. आणि घरात हात काळे करणारं पोर असलं, तर त्याच्या हातातला पाना काढून घेऊ नका. पेरणीच्या दिवशी, आभाळ भरून आल्यावर, तोच पाना तुमचा वापसा वाचवील.